शेजारच्या देशात घर घ्यायचंय? आधी कागदावर नाव कुणाचं लागतंय ते बघा

मागच्या अंकात गोव्यातल्या फ्लॅटवर लिहिलं आणि त्यानंतर जे प्रश्न आले ते थेट नेपाळ, श्रीलंका आणि भूतानचेच जास्त. कोल्हापूरच्या माणसाला सुट्टीतलं घर म्हटलं की आधी आंबोली नाहीतर मालवण आठवायचं, आता रिटायरमेंटचे पैसे हातात आले की लोक सीमेपलीकडं बघायला लागलेत, त्यात वाईट काही नाही. पण आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात किंमत, हवा, व्ह्यू, शाकाहारी जेवण मिळतंय का, हे सगळं विचारलंय, आणि त्या देशाचा कायदा आपलं नाव मालक म्हणून लावून घेतो का, हे फार थोड्यांनी विचारलंय. म्हणून या वेळी पूर्ण पान याच विषयाला दिलंय.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी सैनिक टाकळीचा, मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालोय. नोकरीत असताना गोरखा पलटणीतला एकजण जिवाभावाचा दोस्त झाला, तो आता नेपाळात पोखऱ्याला असतो. तिथं फेवा तलावापासून थोड्या अंतरावर चार आना (तिथलं जमिनीचं माप) जागा विकायला आहे. तो म्हणतोय पैसे तू दे, लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागद, माझ्या नावानं काढू, आपसात एक कागद लिहून ठेवू, तू घर बांध आणि वर्षातले सहा महिने येऊन राहा. मंडळी तयार आहेत, पोरगा मात्र नको म्हणतोय. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मग जागा का घेता येणार नाही?

उत्तर : सुभेदारसाहेब, तुमच्या मुलाचं ऐका. आणि हे मी तुमच्या दोस्तावर शंका घेऊन म्हणत नाही, हे आधीच सांगते.

व्हिसा लागत नाही हे खरंच आहे. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातलं सातवं कलम तर एकमेकांच्या नागरिकांना राहणं, व्यापार आणि मालमत्ता यात सारख्या सवलती देण्याबद्दल बोलतं, त्यामुळं बऱ्याच लोकांना वाटतं की भारतीय माणूस तिथं जागा घेऊ शकतो. पण प्रत्यक्षात व्यवहार होतो तो नेपाळच्या जमीन कायद्यानं, आणि तिथं परदेशी माणसाच्या नावानं सरकारी परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता होत नाही. २०१८ पासून लागू झालेल्या त्यांच्या देवानी संहितेत हे स्पष्ट आहे आणि भारतीयांना त्यातनं सूट नाही. आपल्याकडं जसं दुय्यम निबंधक आणि तलाठी तसं तिथं मालपोत कार्यालय, त्या काउंटरवर खरेदीदाराला पहिल्यांदा नागरिकता विचारतात म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचा दाखला, तो नसला की फाईल तिथंच थांबते, मग तुमच्याकडं आधार असो, पासपोर्ट असो नाहीतर माजी सैनिकाचं कार्ड.

आता दोस्ताच्या नावानं घ्यायचं म्हणताय त्याचं बघू. लालपुर्जा म्हणजे तिथलं जमिनीचं मालकीपत्र. त्यावर मालकाचा फोटो, नागरिकता क्रमांक, बाप आणि आजाचं नाव, जमिनीचा कित्ता नंबर आणि क्षेत्र असतं. मोही असला, म्हणजे आपल्याकडं कूळ म्हणतो तसा, तर त्याचीही नोंद असते. पैसे तुम्ही दिलेत हे त्या कागदावर कुठंच येणार नाही. सरकारच्या दृष्टीनं ती जागा तुमच्या दोस्ताची, आणि तेवढ्यावरच थांबत नाही, नेपाळात घरच्या माणसांचा अंश असतो, बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांचा हक्क लागतो. दोस्त शब्दाला पक्का असेल, असणारच, पण त्याची पोरं उद्या कतारहून किंवा कोरियाहून परत आली, वाटणी मागायला लागली, तर तुमच्या घराच्या भिंती तुमच्या पेन्शनच्या पैशातनं उभ्या राहिल्यात हे ते कशावरनं मानणार? आणि देव न करो, पण दोस्तच तुमच्या आधी गेला तर वारस म्हणून नावं त्याच्या घरच्यांची लागतील. तुमच्यातला आपसातला कागद कोर्टात नेला तर पहिला प्रश्न येणार की परदेशी माणसाला जी जागा घेता येत नाही ती आडमार्गानं घेण्यासाठीच हा कागद केला ना? मग तो कागद तुमच्या बाजूनं न राहता तुमच्याच विरोधात जातो.

क्षेत्राचा हिशेबही एकदा आपल्या मापात करून बघा. डोंगरी भागात रोपनी-आना चालतं, एक रोपनी म्हणजे ५४७६ चौरस फूट, जवळपास पाच गुंठे, तिचे सोळा आने. म्हणजे चार आना म्हणजे सव्वा गुंठा. तराईत गेलात की माप बदलतं, बिघा, कट्ठा आणि धुर लागतात, तिथं एक कट्ठा सव्वातीन गुंठ्याहून थोडा जास्त. दरही नेपाळी रुपयात सांगतात, आपले १०० म्हणजे तिथले १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, तेव्हा आकडा ऐकून महाग म्हणू नका आणि स्वस्त पण म्हणू नका, आधी १.६ नं भागा.

मग सहा महिने राहायचं कसं? भाड्यानं राहा, आणि ते मनापासून सांगतेय, नाइलाज म्हणून नव्हे. दोस्ताचं घर मोठं असेल तर त्याच्याच घराचा एक मजला रीतसर लेखी भाडेकरार करून घ्या, दरवर्षी भाडं द्या, बँकेतनं द्या, त्यालाही आधार होतो आणि दोस्ती पण जिथल्या तिथं राहते. फक्त इमारत बघताना २०१५ आठवा, २५ एप्रिलचा तो ७.८ चा भूकंप. घर त्याच्या आधीचं आहे का नंतरचं, नगरपालिकेनं नक्सा पास केलाय का, घर पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आहे का, वर नंतर चढवलेला मजला परवानगीनं चढवलाय का हे विचारायला लाजू नका. पोखऱ्यात भाड्याची घरं बक्कळ आहेत, एक सीझन राहून बघा, सकाळी खिडकीतनं माछापुच्छ्रे शिखर दिसणं वेगळं आणि जानेवारीत सांधे धरून बसणं वेगळं. पेन्शनचं खातं इथलंच ठेवा आणि नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला इकडं असाल असं वेळापत्रक लावा.

प्रश्न : आमचे चुलते मूळ विट्याकडचे, काठमांडूत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा व्यवसाय आहे. ते म्हणतात माणसाच्या नावानं जमत नसेल तर तिथं कंपनी काढू आणि कंपनीच्या नावानं घर घेऊ. चालेल का? (हुपरी)

उत्तर : धंद्यासाठी कंपनी आणि घरासाठी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी गुंतवणुकीला नेपाळात २०१९ चा कायदा आहे, त्यात किमान गुंतवणुकीची अट आहे, ती कमी करून २ कोटी नेपाळी रुपयांवर आणली, म्हणजे आपले सव्वा कोटी. आणि जे धंदे परदेशी माणसाला बंद ठेवलेत त्या यादीत घर-जमिनीची खरेदी-विक्री आहेच. कंपनीला कारखान्यासाठी, ऑफिससाठी जागा लागते ती धंद्याच्या गरजेपुरती मिळते. निव्वळ सुट्टीत राहायला घर पाहिजे म्हणून कंपनी उभी केली तर दरवर्षी ऑडिट, टॅक्स, रिटर्न हे सगळं मागं लागणार आणि कंपनी काय धंदा करते याला उत्तर नसणार. चुलत्यांचा व्यवसाय चांगला चालत असेल आणि तुम्हाला खरंच त्यात पैसे घालायचेत तर तो सरळ गुंतवणुकीचा विषय आहे, काठमांडूतल्या वकिलाकडं बसा, इकडं सीए बरोबर ठेवा. घर त्यात घुसडू नका.

प्रश्न : भूतानमध्ये पारोला छोटंसं लाकडी घर घ्यायची फार इच्छा आहे, मार्ग सांगा. (नागाळा पार्क)

उत्तर : मार्ग नाही. भूतानमध्ये जमीन भूतानी नागरिकाच्याच नावानं होते, २००७ चा त्यांचा जमीन कायदा त्याबद्दल अगदी कडक आहे. नुसतं फिरायला गेलं तरी भारतीय पाहुण्याला माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, मुलांना त्यात सवलत आहे. त्यांनी आपला डोंगर राखलाय आणि ते त्यांचं बरोबरच आहे असं मला वाटतं. इच्छा असेल तर दरवर्षी जाऊन दहा दिवस होमस्टेमध्ये राहा, कुणी तुम्हाला तिथं प्लॉट दाखवत असेल तर फोन ठेवून द्या.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं राजारामपुरीत राहतो. मी हायस्कूलमधनं आणि मिसेस बँकेतनं रिटायर. गेल्या दोन हिवाळ्यात श्रीलंकेला जाऊन आलो, गॉल आणि कँडी दोन्ही आवडलं, लोक चांगले, खाणं आपल्याला जमतं, नारळ-भात काही नवीन नाही. कँडीजवळ बागेसकट एक छोटा बंगला आहे, २० पर्च (तिथलं जमिनीचं माप) जागा. एजंट दोन रस्ते सांगतोय, एक म्हणजे स्थानिक माणूस ५१ टक्के आणि आम्ही ४९ टक्के अशी कंपनी, दुसरा ९९ वर्षांचा भाडेपट्टा. आमचं बजेट ७० लाखांपर्यंत. मुलगी अमेरिकेत असते, ती म्हणते तुम्हाला आवडतं ते करा. काय करावं?

उत्तर : सर, तुमच्या पत्रात एक गोष्ट फार चांगली आहे, तुम्ही दोघांनी जाऊन बघितलंय. पण गेलात दोन्ही वेळा हिवाळ्यात. आपल्याकडं पावसाळा एकच, तिथं दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य बाजूला म्हणजे गॉल-कोलंबोकडं, डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेला, आणि मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर सगळीकडंच झोडपतो. तुम्ही गॉल बघितलं ते त्याच्या सगळ्यात गोड दिवसात. पैसे देण्याआधी एकदा जूनमध्ये आणि एकदा नोव्हेंबरमध्ये राहून या, हे माझं पहिलं सांगणं.

आता कायदा. २०१४ साली श्रीलंकेनं जमीन हस्तांतरणावर निर्बंध आणणारा कायदा केला, त्या वर्षीचा ३८ क्रमांकाचा. त्यानुसार परदेशी माणसाला, परदेशी कंपनीला आणि जिच्यात निम्मे किंवा त्याहून जास्त शेअर परदेशी लोकांचे आहेत अशा स्थानिक कंपनीलाही जमिनीची मालकी मिळत नाही. एजंटचं ५१-४९ तिथनंच आलंय. पण सर, ज्या कंपनीत ५१ टक्के दुसऱ्याचे, त्या कंपनीचं घर विकायचं का, गहाण ठेवायचं का, संचालक कोण, हे सगळं तो ५१ वाला ठरवणार. पैसे शंभर टक्के तुमचे आणि शब्द ४९ टक्के, असला सौदा आपण गल्लीतल्या दुकानाच्या भागीदारीत पण करत नाही. त्यावर उपाय म्हणून एजंट त्या माणसाकडनं कोरे सही केलेले शेअर ट्रान्सफर फॉर्म घेऊन ठेवू म्हणेल, नाहीतर मृत्युपत्र, नाहीतर मुखत्यारपत्र. जो माणूस कायद्याला बगल द्यायला शिकवतो तो उद्या तुम्हाला बगल देणार नाही याची खात्री कुठं आहे? हा रस्ता सोडा.

भाडेपट्टा हा कायदेशीर रस्ता आहे, ९९ वर्षांपर्यंत देता येतो. तुमचं वय बघता ९९ वर्षं भरपूर झाली असं एजंट म्हणेल आणि ते खोटं नाही, पण पट्टा वाचायचा कसा ते बघा. मूळ मालकच पट्टा देतोय का आधीच्या पट्टेदारानं पुढं दिलेला आहे? तसं असेल तर उरलेली वर्षं किती? जागेवर बँकेचा बोजा आहे का, असेल तर बँकेची लेखी संमती कुठं आहे? तुम्हाला मधेच सोडायचं झालं तर पट्टा दुसऱ्याला विकता येतो का, त्याला मालकाची परवानगी लागते का आणि ती तो अडवू शकतो का? बंगल्याचं छप्पर बदललं, खोली वाढवली तर खर्च कुणाचा आणि मुदतीनंतर बांधकाम कुणाचं? या पाच-सहा ओळी त्या पट्ट्यात मिळाल्या नाहीत तर तो पट्टा अपुरा.

तिसरा रस्ता एजंटनं तुम्हाला सांगितलाच नाही, तो म्हणजे अपार्टमेंटमधला फ्लॅट, त्यांच्या भाषेत काँडोमिनियम. तो परदेशी माणसाला स्वतःच्या नावानं घेता येतो, पूर्ण रक्कम परदेशातनं बँकेमार्फत आणून आधीच भरायची या अटीवर. मूळ कायद्यात चौथ्या मजल्यापासून वरचेच फ्लॅट असं होतं, नंतर कायद्यात दुरुस्त्या झाल्यात, त्यामुळं तुमच्या फ्लॅटला आजच्या घडीला काय लागू आहे ते तिथल्या वकिलाकडनं लेखी घ्या. असे प्रकल्प कोलंबोकडं जास्त, तुमच्या मनातली बाग तिथं मिळणार नाही हे मलाही कळतंय. पण स्वतःच्या नावाची मालकी पाहिजे असेल तर तीच जागा आहे.

कागद कसे तपासायचे ते पण सांगते कारण इथं आपले लोक फसतात. तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारून देणारा नव्हे, तिथं खरेदीखत नोटरीच तयार करतो, दोन साक्षीदारांसमोर करून घेतो आणि जमीन नोंदणी कार्यालयात नोंदवतो, तो बहुतेक वेळा वकीलच असतो. म्हणून विकणाऱ्याचा नोटरी तोच आपला नोटरी असं करू नका, आपला वेगळा लावा, त्याला निदान ३० वर्षांचा सर्च काढायला सांगा. फेरफार जसे आपण मागं मागं वाचत जातो तसे तिथं नोंदणीचे फोलिओ मागं वाचत जायचे. मोजमाप मात्र आपल्याला सोपं आहे, एक पर्च म्हणजे २७२.२५ चौरस फूट, म्हणजे चार पर्चचा बरोबर एक गुंठा. तुमचे २० पर्च म्हणजे पाच गुंठे. खरेदीखताची स्टॅम्प ड्युटी ४ टक्क्यांच्या आसपास धरा, वकील-नोटरीची फी वेगळी.

कँडीच्या डोंगरातली जागा असेल तर आणखी एक. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळात तिथल्या डोंगराळ भागात दरडी कोसळून किती घरं गेली ते बातम्यात बघितलं असेल. त्यांच्याकडं राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था आहे, एनबीआरओ म्हणतात, ती दरडीच्या धोक्याचा अहवाल देते. तो मागाच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठंवर आलं होतं हे बघून आपण इथं प्लॉट घेतो ना, पुराची निळी रेषा-लाल रेषा विचारतो, तिथं पण तेवढंच खोदून विचारा. गॉलला समुद्राकाठी घ्यायचं मनात आलं तर २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पाणी कुठंपर्यंत गेलं होतं ते शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते बोट दाखवून सांगतात.

पैशांबद्दल. रक्कम तिथं इनवर्ड इन्व्हेस्टमेंट अकाउंटमधनं, म्हणजे परदेशातनं गुंतवणुकीचे पैसे आणायच्या बँक खात्यातनं गेली पाहिजे. उद्या फ्लॅट विकला तर पैसे परत आणायला हाच पुरावा लागतो, एजंटच्या खात्यावर किंवा हातात दिलेला एक रुपया पण परत येताना तुमचा राहत नाही. आणि एप्रिल २०२२ विसरू नका, श्रीलंकेनं परदेशी कर्जाची फेड थांबवली, त्याच काही महिन्यांत डॉलर २०० श्रीलंकन रुपयांवरनं ३६० च्या घरात गेला. देश सावरतोय, मला त्या लोकांचं कौतुक आहे, पण ७० लाखात तुमचं सगळं आयुष्य जमा असेल तर ते एका दुसऱ्याच चलनाच्या भरवशावर ठेवू नका.

शेवटी व्हिसा. घर घेतलं म्हणजे राहायचा हक्क आपोआप मिळत नाही. ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी त्यांची 'माय ड्रीम होम' नावाची व्हिसा योजना आहे, त्यात तिथल्या बँकेत ठेव आणि दरमहा परदेशातनं ठरावीक रक्कम आणावी लागते, तुम्हा दोघांच्या पेन्शनमध्ये ते बसतंय का ते आधी बघा. माझं मत विचाराल तर त्या बंगल्यासाठी दोन वर्षांचा साधा भाडेकरार करा, मालकाला पुढं पट्ट्याचा पहिला हक्क आम्हाला असं लिहून मागा आणि दोन पावसाळे तिथं काढा.

प्रश्न : मी इचलकरंजीत डॉक्टर. कोल्हापुरातल्या एका हॉटेलात दुबई प्रॉपर्टीचं प्रदर्शन होतं, तिथं १ टक्का महिना हप्त्याची स्कीम सांगितली, बुकिंग क्रेडिट कार्डवर घेतो म्हणाले. दुबई शेजारी नाही पण मुंबईहून तीन तासच. एकूण ६० लाख या वर्षी पाठवायचेत. टॅक्सचं कसं?

उत्तर : डॉक्टर, दुबईत ठरवून दिलेल्या फ्रीहोल्ड भागात परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळते, त्या बाबतीत ते वरच्या सगळ्या देशांपेक्षा सोपं आहे. तिथल्या लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी ४ टक्के, बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे २००७ च्या कायद्यानं एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यातच भरायचे असतात, त्या खात्याचा नंबर लँड डिपार्टमेंटकडनं पडताळून घ्या.

अडचण आपल्या बाजूची आहे आणि प्रदर्शनात ती कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्ये, एलआरएस म्हणतो आपण, माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. मिसेसची मर्यादा वेगळी, घर दोघांच्या नावानं असेल तर दोघांची जोडता येते. हे पैसे स्वतःचे पाहिजेत, अशा खरेदीसाठी इथली बँक कर्ज देत नाही, आणि क्रेडिट कार्डवर बुकिंग म्हणजे उसन्या पैशानं परदेशात मालमत्ता, ते अजिबात करू नका, कितीही पॉइंट मिळू देत. बिल्डरची दीर्घ मुदतीची हप्त्याची स्कीम पण उधारीत मोडू शकते, ताबा घेतल्यानंतर वर्षानुवर्षं हप्ते असतील तर विशेष, तेव्हा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, कळणाऱ्या सीएकडनं करार वाचून घेतल्याशिवाय सही नको. पाठवलेले पैसे वापरले गेले नाहीत तर १८० दिवसांच्या आत परत आणावे लागतात, म्हणून आधी पैसे नेऊन ठेवू, फ्लॅट नंतर बघू हे चालत नाही.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, असा बसतो. वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के. तुमच्या ६० लाखांवर ५० लाखांचे २० टक्के म्हणजे १० लाख बँक वर कापून घेणार, म्हणजे हातात ७० लाख पाहिजेत. हा पैसा बुडत नाही, तुमच्या इन्कम टॅक्समधनं वळता होतो, जास्त असेल तर रिफंड मिळतो, अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरताना त्याचा हिशेब धरा नाहीतर वर्षभर १० लाख अडकून बसतील.

आणि दरवर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायचं, परदेशातली मालमत्ता दाखवायची, भाडं येत नसलं तरी. दुबईत इन्कम टॅक्स नाही म्हणून इथं पण नाही असं नाही, भाडं आलं तर ते इथल्या उत्पन्नात धरायचं. दाखवलं नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे, छोट्या परदेशी खात्यांना आता जी २० लाखांपर्यंतची सूट मिळाली ती घर-जमिनीला नाही. आणि मालमत्ता लपवलेल्या पैशातली निघाली तर ३० टक्के कर आणि त्यावर तिप्पट दंड. नेपाळ-श्रीलंकेवाल्या वाचकांनी पण हा परिच्छेद आपल्यासाठीच आहे असं समजा. तुम्ही व्हाइटचा पैसा घालताय, कर भरलेला पैसा, मग एक रकाना रिकामा ठेवून त्याला डाग कशाला?

प्रश्न : वडिलांनी नोकरीत असताना कोलंबोत स्वतःच्या नावानं फ्लॅट घेतलाय. आता ते ७८ वर्षांचे, कोल्हापुरात आमच्याजवळ असतात. इथं मृत्युपत्र रजिस्टर केलंय, त्यात फ्लॅटचा उल्लेख आहे. एवढं पुरे का? (शाहूपुरी)

उत्तर : पुरे नाही. स्थावर मालमत्ता ज्या देशात असते त्या देशाचा कायदा तिला लागतो. तिथल्या जुन्या नियमानं मृत्युपत्र एकतर नोटरी आणि दोन साक्षीदारांसमोर, नाहीतर पाच साक्षीदारांसमोर करावं लागतं. आपल्याकडं दोन साक्षीदार चालतात, त्यामुळं इथलं मृत्युपत्र तिथं अडू शकतं. वडील ठणठणीत असतील तोवर फक्त कोलंबोच्या फ्लॅटपुरतं वेगळं मृत्युपत्र करून घ्या, ते करताना 'आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे नेहमीचं वाक्य टाकायला देऊ नका, नाहीतर इथलं पण रद्द होऊन बसेल. दोन्हीत लिहा की हे अमुक देशातल्या मालमत्तेपुरतंच आहे. मूळ खरेदीखत, त्या वेळी पैसे पाठवल्याच्या बँकेच्या पावत्या, मेंटेनन्सची शेवटची पावती आणि वडिलांच्या जुन्या पासपोर्टची प्रत एका फाईलमध्ये लावा, जुन्या आणि नव्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा, नसेल तर वडील हयात आहेत तोवरच प्रतिज्ञापत्र करून घ्या. आणि त्यांच्या रिटर्नमध्ये हा फ्लॅट दाखवला जातोय का तेही याच महिन्यात सीएला विचारा.